उतू गेलेलं दूध आणि मुकी घंटा

घाटाच्या पायथ्याशी कांसवडी नावाचं एक गाव होतं आणि तिथे परशराम नावाचा एक ओतारी राहत होता. तो कांशाच्या घंटा ओतायचा. देवळांच्या, शाळांच्या, गुरांच्या गळ्यातल्यासुद्धा. त्या काळी आसपासच्या गावांत मनगटावर घड्याळ बांधणारा माणूस विरळाच. पहाट झाली ती देवळाच्या घंटेनं कळायची आणि गुरं घरी निघाली ती त्यांच्या गळ्यातल्या किणकिणाटानं. डोळे मिटून बसलेला म्हाताराही सांगायचा, ही परशरामाची घंटा. आता तसं ऐकणारे कान राहिले नाहीत आणि तशी शांतताही राहिली नाही. आठवलं की जीव हळवा होतो. असो, गोष्ट सांगू या.

घंटा ओतायची रीत ठरलेली होती. मातीच्या गाभ्यावर मेणाची घंटा करायची. तिच्यावर पुन्हा माती लिंपायची. साचा भाजला की मेण वाहून जायचं आणि त्या पोकळीत तांबं-कथलाचा रस ओतायचा. ओतताना कुणी एक शब्द बोलायचा नाही. बोललं तर घंटा मुकी निघते, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. तरी अधूनमधून एखादी मुकी निघायचीच. दिसायला झकास, पण वाजवली की नुसतं 'थड्', लाकडावर मारल्यासारखं. तिच्यासाठी वेगळी रीत होती. ओताऱ्याच्या घरात मुक्या घंटेनं दिवा बघायचा नाही, म्हणून दिवेलागणीच्या आत ती फोडून पुन्हा धातू वितळवायच्या मुशीत घालायची. लाज झाकली जायची, धातूही वाया जायचा नाही. मग कोण बोललं होतं ते शोधायला घर मोकळं.

परशरामाची बायको अनसूया लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा भारी बोलकी होती. जात्यावर बसली की ओव्या, पाणवठ्यावर गेली की गप्पा. एकदा भट्टीवर ओतकाम चाललेलं असताना तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अवं, दूध उतू गेलं!"

एवढंच बोलली, आणि नेमकी ती घंटा मुकी निघाली. कुणी तिच्यावर हात उगारला नाही. सासू एकदाच म्हणाली, "तू बोललीस, म्हून ती मुकी झाली." परशराम काहीच म्हणाला नाही. तेव्हापासून भट्टी पेटली की अनसूया मागच्या अंगणात जाऊन तोंडात पदर धरून बसायची. पुढे सासू वारली, तरी ती बसायचीच. हळूहळू एरवीचंही तिचं बोलणं आटलं. सासूनं चार शिव्या दिल्या असत्या तर ती भांडून मोकळी तरी झाली असती. त्या एका वाक्याशी भांडता येईना.

त्यांना दोन मुलं. थोरला दत्तू दहावी झाल्यावर भट्टीवर आला आणि तिथेच रमला. शाळेचे मुख्याध्यापक कोष्टी गुरुजी त्याला म्हणाले होते, पुढं शीक. तो हसून म्हणाला, "मला वाजल्याशी मतलब, गुरुजी. ती का वाजती, हे मला पडलेलं न्हाई." खरं तेच तो बोलला. त्याच्या हातच्या घंटा गोड वाजायच्या आणि रात्री त्याला झोपही गाढ लागायची.

धाकटी विमल शिकत गेली. गावातून तालुक्याला, तिथून शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात. तिथे तिनं धातुशास्त्र घेतलं. बापाच्या धंद्याच्या ओढीनं घेतलं असं लोकांना वाटायचं. ती मात्र सरळ सांगायची, "त्याच शाखेत जागा शिल्लक होती." पदवी मिळाली, गावभर पेढे वाटले. आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. एका कारखान्यानं सुटे भाग तपासायच्या नोकरीवर तिला बोलावलं होतं आणि कॉलेजानं एम. टेक.ची जागा देऊ केली होती. दोन्हीकडे महिनाअखेर कळवायचं होतं.

गावात ज्याला त्याला तिचं भवितव्य दिसत होतं, तिला सोडून. आत्या म्हणाली, "आणखी शिकलीस तर तुझ्याजोगा नवरा कुठनं आणायचा?" किराणा दुकानदार म्हणाला, "शीक की. डॉक्टर झालीस म्हंजे आमाला इंजेक्शनला तालुक्याला जायला नगं." परशराम म्हणाला, "तुझं तू बघ." आई तर काही बोलायचीच नाही.

त्याच सुमारास कोष्टी गुरुजी परशरामाकडे आले. शाळेत घंटा म्हणून आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि त्याचा खणखणाट ऐकून गुरुजींचं डोकं उठायचं. शाळेसाठी खरी घंटा हवी, असं सांगून झाल्यावर ते विमलकडे वळले.

"पुढं शिकणार म्हणतेस. कशासाठी गं?"

"सगळे जाताहेत, गुरुजी."

"सगळे जातात ती जत्रा. तू कशासाठी?"

"वरची पदवी मिळते."

"ती भिंतीवर टांगशील. घंटा टांगली तर वाजते तरी. बरं, मग नोकरी का नको?"

"भीती वाटते," विमल म्हणाली. गुरुजींपुढे खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "कॉलेजात निदान माहितीचं आहे सगळं."

"मग अजून ठरवू नकोस," गुरुजी म्हणाले. रागावले नाहीत. उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. ती पाचवीत असताना ठेवायचे, तसाच.

शाळेच्या घंटेचा साचा तयार झाला. वळवाच्या सरी पडून गेल्या होत्या आणि हवेत दमटपणा होता. भट्टी पेटली. अनसूया न सांगताच मागच्या अंगणात गेली. बापलेकांनी मूस उचलली. विमल भिंतीला टेकून बघत होती. लहानपणापासून पाहिलेलंच ते, पण तो केशरी रस साच्यात उतरताना तिची नजर अजूनही त्यावर खिळायची. कुणी चकार शब्द काढला नाही. दारातलं कुत्रंसुद्धा गप्प होतं.

साचा निवला, फोडला. दत्तूनं कानस फिरवून घंटा साफ केली. परशरामानं ती दोरीला टांगली आणि लाकडी हातोडीनं हलकेच टोला दिला.

थड्.

पुन्हा दिला. पुन्हा थड्.

"कोण बोललं?" परशरामानं विचारलं.

"मी न्हाई, आबा. तुमची आण," दत्तू म्हणाला.

"कुणीच नाही बोललं," विमल म्हणाली. "मी इथंच उभी होते."

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. "माझंच झालं आसंल. मला ठसका लागला हुता." अनसूया उंबऱ्यात उभी होती. आमटीत मीठ जास्त पडलं हे सांगावं तितक्या साधेपणानं ती हे बोलली, आणि पदर पुन्हा तोंडाशी गेला.

आईचं ते अंगणात जाऊन बसणं विमलनं जन्मभर पाहिलं होतं. ते का, हेही तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या आईला न केलेला गुन्हा असा आपणहून कबूल करताना ऐकणं वेगळं.

"आबा, मधे अख्खं घर आहे. तिकडचा ठसका साच्यातल्या रसाला ऐकू कसा जाईल?"

"मग का मुकी झाली? सांग की. तू तर शिकलीस."

पुस्तकातली कारणं विमलला पाठ होती. परीक्षेत तिनं ती लिहिलीही होती, चांगले मार्क मिळाले होते. पण या घंटेचं, या भट्टीतलं कारण त्यांतलं कुठलं, हे तिला सांगता येईना. पदवीचे पेढे खाल्ल्याला अजून पुरता महिनाही झाला नव्हता.

उन्हं उतरली. परशरामानं घण उचलला. तो खाली येणार एवढ्यात विमल मध्ये आली.

"फोडू नका, आबा."

"येडी का काय? दिवेलागण झाली."

"फोडून मुशीत घातली की ती का मुकी झाली, तेही तिच्यासंगं वितळतं. आजवर आपण तेच करत आलो. एक तरी ठेवा माझ्यासाठी."

"मुक्या घंटेनं दिवा बघायचा न्हाई, इमल. माझ्या बानं कदी बघू दिला न्हाई, त्याच्या बानं न्हाई."

"आणि आईनं किती वर्षं तोंडात पदर धरायचा?"

परशराम घण धरून उभाच राहिला. त्याची नजर उंबऱ्यात उभ्या असलेल्या बायकोकडे गेली. ज्या दिवशी दूध उतू गेलं त्या दिवशी आपण काहीतरी बोलायला हवं होतं, हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. बोलायचं राहिलं आणि मग वर्षं गेली.

त्यानं घण खाली ठेवला. "दिवा लाव," तो अनसूयेला म्हणाला. ती जागची हलेना. अंगणात मुकी घंटा असताना दिवा लावायचा तिला धीर होईना. तेव्हा परशरामानं हात धुतले, आत गेला आणि स्वतः दिवा लावला. त्या घरात मुक्या घंटेनं दिवा पाहिला तो पहिल्यांदाच. आभाळ कोसळलं नाही. म्हैस नेहमीसारखी हंबरली आणि दत्तू जेवायला वाढा म्हणाला.

सकाळी बापलेकांनी करवतीनं घंटेचे दोन भाग केले. आत सगळीकडे बारीक बारीक भोकं होती. धिरड्याला पडते तशी जाळी. परशराम वाकून बोट फिरवत राहिला. जन्मभर त्यानं घंटा ओतल्या होत्या, पण आपल्याच चुकीचं पोट कधी पाहिलं नव्हतं.

"आतनं आशी आसती व्हय," तो म्हणाला.

"ही भोकं कशाची गं?" दत्तूनं विचारलं.

"कसल्या तरी वाफेची, वायूची. पण ती आत आली कुठून? कोळशातून, मातीतून, का रसातच होती? मला माहीत नाही."

"मग कुणाला म्हाईत आसंल?"

"आपल्या भट्टीचं? कुणालाच नाही." हे म्हणताना तिला आतून आनंद झाला, आणि अशा गोष्टीचा आनंद व्हावा याचं तिलाच नवल वाटलं.

ती तडक शाळेत गेली. "गुरुजी, घंटेला उशीर होईल."

"किती?"

"सांगता येत नाही. मी पुढं शिकायला चाललेय."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कशासाठी?"

"माणूस बोलल्यानं घंटा मुकी होते का, ते शोधायचंय. आणि नसेल होत, तर कशानं होते ते."

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला. "जा," ते म्हणाले. "आमचा रूळ वाजतोय अजून."

विमल अर्धी घंटा पिशवीत घालून शहरात गेली. तिथे काही कुणी तिची वाट पाहत नव्हतं. कॉलेजातले सर म्हणाले, "घंटेवर आता कोण काम करतं? विमानाच्या धातूवर कर, नाव होईल." ती नम्रपणे नाही म्हणाली. तिचे पहिले अंदाज एकामागून एक चुकले. कारखान्यात गेलेली मैत्रीण नव्या स्कूटरवरून भेटायला आली तेव्हा विमलला वाटलं, आपण गाढवपणा केला. दोनदा तिनं सामानही बांधलं. पण टेबलावरच्या त्या अर्ध्या घंटेला टिचकी मारली की 'थड्' व्हायचं, आणि पदरामागचं आईचं तोंड दिसायचं. मग सामान पुन्हा सोडायचं. दिवस असे जात होते.

इकडे परशरामानं पिढ्यांची रीत मोडली ती मोडलीच. मुकी निघालेली घंटा तो आता छपरात टांगून ठेवायचा आणि त्या दिवशीची माती अन् कोळसा फडक्यात बांधून तिच्याच कडीला अडकवायचा. पोरगी सुट्टीत आली की तिच्या हवाली करायचा. भाऊबंद हसायचे, "परशरामानं मुक्यांचं देऊळ काढलंय." परशराम म्हणायचा, "या की दर्शनाला."

अखेर विमलला उत्तर सापडलं. ऐकायला ते अगदीच साधं होतं. तापलेला रस ओल पितो. कोळसा विहिरीलगतच्या पडवीत साठवलेला, साचा घाईनं भाजलेला, हवा दमट. ती सगळी ओल रसात जाते, आणि रस निवताना ती बाहेर पडायला बघते. वाट मिळाली नाही की पोटातच अडकून भोकं पाडते, आणि घंटेचा आवाज ती भोकं गिळून टाकतात. कोळसा कोरडा ठेवायचा, साचा नीट भाजायचा, रस जास्त वेळ तापत ठेवायचा नाही. बस्स. एवढ्यासाठी इतकी वर्षं, असं कुणालाही वाटेल. पण या भट्टीचं एवढंही आजवर कुणाला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं आधी आईला गाठलं. "आई, दूध उतू गेलं त्या दिवशीची घंटा वितळून गेली. ती का मुकी झाली, हे मी शपथेवर नाही सांगू शकत. पण तू बोललीस म्हणून झाली नाही, हे सांगते."

अनसूया चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिली. "आसंल बाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांचं ओझं असं एका वाक्यानं उतरत नाही.

शाळेच्या घंटेचा साचा पुन्हा झाला. या खेपेला कोळसा माळ्यावर वाळवला होता आणि साचा चांगला खरपूस भाजला होता. गुरुजी आले. एव्हाना ते निवृत्त झाले होते, पण घंटा त्यांनीच मागितली होती ना. निम्मं गाव अंगणात जमलं. भट्टी पेटली आणि अनसूया सवयीनं मागच्या दाराकडे निघाली. विमलनं तिचा हात धरून तिला भट्टीजवळ आणून उभं केलं.

मूस उचलली. रसाची धार साच्यात पडू लागली. सगळं अंगण सवयीनं मुकं झालं.

"बोल, आई," विमल म्हणाली.

अनसूयेचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. पदर हातात, हात तोंडाकडे निघालेला. धार पडतच होती. अर्ध्यावर आली, त्याच्याही पुढे गेली. तेवढ्यात मूस धरलेला, घामानं निथळणारा परशराम धारेवरची नजर न काढता म्हणाला, "अगं, बोल की. तवा म्याच काही बोललो न्हाई, ते चुकलं माझं."

ओताऱ्यानं ओतताना बोलावं, हे त्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. अनसूयेनं नवऱ्याकडे पाहिलं, पदर सोडला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडली, "अवं, दूध उतू गेलं!"

आधी दत्तू हसला, मग गुरुजी, मग सगळं गाव. त्या हसण्याच्या गलक्यात उरलेला रस साच्यात उतरला. अनसूया हसत होती का रडत होती, ते तिचं तिलाही कळलं नसेल.

साचा फोडला. घंटा टांगली. परशरामानं हातोडी बायकोच्या हातात दिली. तिनं भीत भीत टोला दिला, आणि तो आवाज अंगणातून निघाला तो नदीपल्याडच्या मळ्यांपर्यंत गेला. गुराख्यांनी माना वर केल्या.

त्यानंतर अनसूया जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. परशराम कुरकुरायचा, "आता घंटा वाजलेली ऐकू येत न्हाई, हिच्या बोलण्यापायी." पण हे म्हणताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा असायचा.

विमल पुढे आणखी शिकली, डॉक्टर झाली आणि कॉलेजात शिकवू लागली. किराणा दुकानदार शेवटपर्यंत तिच्याकडे इंजेक्शन मागत राहिला. पुढे शिकू की नको, हे विचारायला मुलं तिच्याकडे येत. ती टेबलावरची अर्धी घंटा पुढे सरकवून म्हणायची, "वाजवून बघ." कुणी एकदा वाजवून बाजूला ठेवायचा. त्याला ती आनंदानं नोकरीसाठी शिफारस द्यायची आणि दत्तूची गोष्ट सांगायची. कुणी पुन्हा पुन्हा वाजवत बसायचा, उलटी करून आत बघायचा, आणि आपण कशासाठी आलो होतो तेच विसरायचा. त्याच्यासाठी ती चहा मागवायची.

आता परशराम नाही, अनसूया नाही, गुरुजीही नाहीत. शाळेत विजेवर चालणारी घंटा आली आहे, तिचा आवाज कर्कश आहे. ती कांशाची घंटा मात्र व्हरांड्यात अजून आहे. वीज गेली की शिपाई तीच वाजवतो. तेव्हा गावातली जुनी माणसं हातातलं काम क्षणभर थांबवतात, आणि एखादी म्हातारी हमखास म्हणते, "दूध बघा गं, उतू गेलं आसंल."

तात्पर्य: पुढे शिकावं की नाही, हे पदवीला, भीतीला किंवा जत्रेला विचारू नये. जो प्रश्न आपल्याला सोडत नाही, त्याला विचारावं. असा प्रश्न असेल तर कितीही वर्षं लागोत, त्याच्यामागे जावं. नसेल तर हातातलं काम मनापासून करावं, त्यात कमीपणा नाही. आणि काही चुकलं तर लाजेपोटी ते लगेच वितळवून टाकू नये. उत्तर त्यातच असतं.